वाचकांचे प्रश्न: फिलिंगचा रंग चुकलाय, की नुसतं खडबडीत झालंय?

मागच्या अंकात विचारलं होतं की भरलेल्या दातांबद्दल शंका असतील तर पाठवा, आणि मग काय, इनबॉक्स भरला. दोघांनी तर थेट दातांचे क्लोजअप पाठवलेत, त्यातला एक जेवण झाल्या झाल्या काढलेला, फटीतली मेथी स्पष्ट दिसतेय, असो. गंमत म्हणजे जवळजवळ सगळ्यांची तक्रार 'रंग चुकला' अशीच आहे. रंग चुकतो कधीकधी, माझ्याही हातून चुकलाय, ते पुढे सांगते. पण तोंड उघडून नीट बघितलं की पुष्कळदा रंग ठीकच असतो, वरचं अंग खडबडीत झालेलं असतं, आणि खडबडीत वस्तूचा रंग डोळ्याला वेगळाच दिसतो. म्हणून यावेळी बहुतेक उत्तरं त्याभोवतीच फिरतायत, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, दोन वर्षांपूर्वी ॲक्टिव्हावरून पडले आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटला. डॉक्टरांनी दाताच्या रंगाचं मटेरियल लावून कोपरा करून दिला, आरशात बघितलं तर कळतही नाही. पण बहिणीच्या लग्नातल्या फोटोंमध्ये तोच कोपरा खडू लावल्यासारखा पांढरा दिसतोय. डॉक्टर म्हणतात शेड, म्हणजे रंगाची छटा, ए-टू नंबरची आहे आणि बरोबर आहे. मग फोटोत असं का? (वय २७, सांगली)

फोटो खरा आहे आणि तुमचे डॉक्टरही बहुतेक खरंच सांगतायत.

अंगणात किंवा मोरीत बिनपॉलिशचा कडाप्पा बघितला असेल ना, कोरडा असला की राखाडी, पांढुरका, धूळ बसल्यासारखा. तांब्याभर पाणी ओतलं की एकदम काळाभोर. आणि तोच कडाप्पा पॉलिश करून ओट्याला लावला की कोरडा असतानाही काळाच दिसतो. दगड तोच, फरक फक्त वरच्या अंगाचा. गुळगुळीत जागेवर उजेड पडला की थोडासा एका ठरलेल्या दिशेने परत फिरतो, ती आपल्याला चमक दिसते, आणि बाकीचा आत शिरतो आणि आतला रंग घेऊन बाहेर येतो. खडबडीत जागेवर तो दारातच दहा दिशांना उधळतो, त्या उधळलेल्या उजेडाचा एक पांढरट पडदा आतल्या रंगावर पसरतो आणि रंग फिका, दुधट दिसायला लागतो. बाथरूमच्या खिडकीची घासलेली काच आठवा, साधी काचच असते ती, फक्त वरून खरवडलेली.

दाताच्या बाबतीत हे जास्तच जाणवतं कारण दात म्हणजे काही ऑइलपेंट मारलेली भिंत नाही. वरचं एनॅमल बरंचसं अर्धपारदर्शक असतं आणि दाताला जी पिवळसर झाक असते ती मुख्यतः त्याखालच्या थराची, म्हणजे डेंटिनची. चांगलं कॉम्पोझिट, म्हणजे ते दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल, तेही याच हिशोबाने बनवलेलं असतं, उजेड आत जाऊन परत येईल असं. वरून ते खरखरीत राहिलं की उजेड आत जाण्याआधीच वाट चुकतो.

आता आरशात का कळत नाही, तर तोंड ओलं असतं म्हणून. लाळेचा पातळ थर त्या बारीक खळग्यांमध्ये जाऊन बसतो आणि वरून सपाट होतो. अपवर्तनांक म्हणजे एखाद्या वस्तूत शिरताना उजेड किती वळतो त्याचा आकडा. हवेचा १, पाण्याचा १.३३, कॉम्पोझिटचा साधारण १.५ आणि एनॅमलचा १.६२ च्या आसपास. म्हणजे खळग्यात हवा असली तर उजेडाला मोठी उडी मारावी लागते आणि जास्त उधळतो, लाळ असली तर उडी छोटी. लग्नात काय होतं, फोटोग्राफर अर्धा तास 'स्माइल, स्माइल, अजून एक, मामा जरा आत या' करत असतो, ओठ मागे ओढलेले, वर हॅलोजनचा उकाडा, पुढचे दात पार कोरडे पडतात. मग फ्लॅश पडला की शेजारचा दात चमकतो आणि भरलेला कोपरा मात्र मॅट, पांढरा, वेगळा.

घरी एक साधी गोष्ट करून बघा. दिवसा खिडकीजवळ उभं राहून तो दात टिश्यूने टिपा, ओठ बाजूला धरा, वीस-तीस सेकंदांनी आरशात बघा, मग दातावरून जीभ फिरवा आणि परत बघा. कोरडं असताना ठिपका आणि ओलं केलं की गायब, तर गडबड बहुतेक पृष्ठभागाची, पॉलिशने सुटेल. ओलं असतानाही तेवढाच वेगळा दिसत असेल तर शेड किंवा थराची जाडी चुकलीय. फार वेळ कोरडं ठेवू नका हं, कारण मग खरा दातसुद्धा पांढरा पडायला लागतो.

आणि इथेच माझी चूक सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका मुलीचा पुढचा दात भरताना मी आधी कापूस लावून, हवा मारून दात छान कोरडा केला आणि मग शेड बघितली. कोरडा पडलेला दात मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो, मी त्या पांढऱ्याला मॅच केलं, आरसा दिला, मुलगी खूश, आई खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन, मॅडम रात्रीतून फिलिंग पांढरं झालं. फिलिंग जागेवरच होतं, दात पाणी पिऊन आपल्या रंगावर आला होता. ते मी स्वतःच्या खर्चाने काढून परत केलं आणि तेव्हापासून शेड आधी, ओल्या दातावर, ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या उजेडात. तुमच्या डॉक्टरांना विचारा की एकदा पॉलिश करून बघूया का. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, भूल वगैरे काही लागत नाही.

प्रश्न: मी शाळेत शिक्षक, दिवसाला पाच-सहा कप चहा होतो. पुढच्या दोन दातांमधली फट दीड वर्षापूर्वी कॉम्पोझिटने भरून घेतली. आता ती पिवळट-तपकिरी दिसते, वर्गातली पोरं बघतात असं वाटतं. नवीन डॉक्टर म्हणतात काढून नवीन करा, जुने म्हणतात आधी पॉलिश करू. कोणाचं ऐकू? (वय ४१, नाशिक)

आधी जुन्यांचं ऐका सर, काढायचा पर्याय कुठे पळून जात नाही. जुनं फिलिंग काढताना थोडा तरी चांगला दात सोबत जातोच आणि तो परत उगवत नाही.

डाग कुठे असतो बघा. तुमच्या घरात एखादा जुना प्लास्टिकचा डबा असेलच, रस्साभाजी नेऊन नेऊन पिवळा झालेला. नवा असताना धुतला की निघायचं, मग कोणीतरी तारेच्या घासणीने घासला, बारीक चरे पडले आणि त्यानंतर पिवळेपणा जो बसला तो बसलाच. कॉम्पोझिटमधलं रेझिन हे त्या प्लास्टिकच्या भावकीतलंच. हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात लवकर उतरतो, फोडणीत घातलेली हळद म्हणजे त्याला आयतं वाहन, चहाचा रंग वेगळ्या जातीचा पण खळगा दिसला की तोही बसतो. शर्टावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिका पडतो, तोंडात ऊन कुठून येणार.

मग प्रश्न येतो की दीड वर्षातच खळगे कसे पडले. दोन शक्यता. एक म्हणजे पहिल्या दिवशीच नीट फिनिशिंग झालं नव्हतं. निळा लाइट मारून कॉम्पोझिट कडक करतात ते तुम्ही बघितलं असेल, पण हवेतला ऑक्सिजन सगळ्यात वरच्या पापुद्र्याला पूर्ण कडक होऊ देत नाही, तिथे एक चिकट थर राहतो. तो घासून काढला नाही तर तो चहाचा पाहुणचार पहिल्या दिवसापासून करतो. काही जण वरून पारदर्शक पट्टी दाबून लाइट मारतात, त्याने हवा लागत नाही आणि पृष्ठभाग काचेसारखा येतो, खरं तर त्याहून गुळगुळीत दुसऱ्या कशाने येत नाही. मग वाटतं की चमकतंय तर कशाला पॉलिश करायचं. पण पट्टीखालचा तो थर जवळजवळ नुसत्या रेझिनचा असतो, मऊ, लवकर झिजणारा, लवकर डागाळणारा. तो उतरवून खालचा भरीव थर उघडा करायचा आणि तो घोटायचा, हे काम टाळून चालत नाही.

दुसरी शक्यता मटेरियलची. कॉम्पोझिट म्हणजे चिक्की समजा. गूळ म्हणजे रेझिन, दाणे म्हणजे काचेचे किंवा सिलिकाचे कण, नेहमीच्या मटेरियलमध्ये हे कण वजनाने सत्तर-ऐंशी टक्के सुद्धा असतात. अमेरिकेत राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये ज्या रेझिनचं पेटंट घेतलं त्याच्या घराण्यातलंच रेझिन अजून आपण वापरतो, पण सुरुवातीच्या काळातले कण मोठे असायचे, दहा-वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहूनही मोठे. ती शेंगदाण्याची चिक्की. चघळली की गूळ आधी झिजतो, शेंगदाणे वर येतात, मग एखादा शेंगदाणा अख्खा निघतो आणि खड्डा राहतो. कितीही पॉलिश करा, सहा महिन्यांत परत तेच, म्हणून १९७०-८० च्या दशकातली पुढच्या दातांची फिलिंग्ज इतकी मळकट दिसायची. नंतर ०.०४ मायक्रॉनच्या कणांचं मायक्रोफिल आलं, ती राजगिऱ्याची वडी, चमक अप्रतिम, पण ताकद कमी, दाढेला नको. पुढे दोन्ही मिसळलेले हायब्रिड आणि २००० नंतर नॅनो. नॅनोच्या कणांची खुबी अशी की ते आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या लहरीपेक्षाही लहान असतात, म्हणजे ४०० नॅनोमीटरच्या (०.४ मायक्रॉनच्या) खूप खाली, त्यामुळे एखादा निसटला तरी पडणारा खड्डा उजेडाला जाणवतच नाही आणि चमक टिकते. तुमचं कोणतं आहे ते डॉक्टरांच्या नोंदीत असतं, विचारा बिनधास्त.

पॉलिश केल्यावर डाग पूर्ण गेला तर प्रश्नच मिटला. थोडासा राहिला तर वरचा अर्धा मिलिमीटर काढून नवीन थर लावता येतो, अख्खं काढायची गरज नाही. आणि डाग जर फिलिंग आणि दात यांच्या सांध्यावर रेघेसारखा असेल तर तो वेगळा तपासावा लागतो, रेघ दिसली म्हणजे आत कीड असेलच असं नाही, पण फट आहे का हे बघून, गरज वाटली तर एक्स-रे काढूनच ठरवावं. चहा बंद करा असं मी सांगणार नाही, मी स्वतः करत नाही. चहानंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, तेवढं तरी करा.

प्रश्न: फिलिंगचे पैसे घेतले आणि आता 'पॉलिशला पुढच्या आठवड्यात या' म्हणतात. हा परत पैसे काढायचा प्रकार नाही का? एका दिवशी का नाही होत? (ठाणे)

पैशाचं आधी. मी वेगळे घेत नाही, फिलिंगच्या फीमध्येच धरते, काही जण घेतात, तेव्हा पहिल्या दिवशीच विचारून घ्यावं, त्यात लाजायचं काही नाही. पण परत बोलावणं ही फसवणूक नाही हो. कॉम्पोझिट लाइट मारल्यावर लगेच कडक होतं खरं, पण पूर्ण कडक व्हायला साधारण दिवसभर लागतो, आत ते काम चालूच असतं. शिवाय त्या दिवशी दात कोरडा पडून पांढरा झालेला, तोंड बधिर, पेशंट दीड तास आ करून वैतागलेला, मी वैतागलेली. अशा वेळी फिनिशिंगला न्याय मिळत नाही. बेसिक घासणं मी त्याच दिवशी करते, शेवटची झिलई नंतर.

आणि हे काम घाईत का होत नाही ते तुमच्या घरी सुतार आला होता तेव्हा बघितलं असेल. तो आधी जाड पॉलिश पेपर मारतो, मग मध्यम, मग बारीक, मग पॉलिश. मधला एक नंबर गाळला तर जाड पेपरचे ओरखडे वार्निशखालून डोकं वर काढतातच. आमचंही तसंच, आधी लाल पट्टीचा बारीक डायमंड बर (मशीनला लावायचं घासणारं टोक), मग पिवळ्या पट्टीचा आणखी बारीक, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चकत्या एकापेक्षा एक बारीक, मग रबराचे कप, आणि शेवटी डायमंड पेस्ट. प्रत्येक पायरीचं काम एवढंच की आधीच्या पायरीचे ओरखडे पुसून त्याजागी स्वतःचे बारीक ओरखडे सोडायचे. ओरखडे शेवटपर्यंत असतातच, फक्त इतके बारीक होतात की उजेडाला आणि जिभेला कळत नाहीत. मध्ये मध्ये पाण्याने धुवायचं, कारण जाड पावडरचा एक कण मागे राहिला तरी तो पुढच्या पायरीत परत ओरखडतो. दाब जास्त दिला तर जागा गरम होते आणि रेझिन बिघडतं.

आता कोणी म्हणेल की दाढेला कोण बघतंय, कशाला एवढं. आमच्या क्षेत्रात ०.२ मायक्रॉन हा आकडा वारंवार येतो, केसाच्या जाडीचा साधारण तीनशेवा भाग समजा. खडबडीतपणा याच्या वर गेला की जंतूंचा थर बसायला सोपं जातं. आणि आपली जीभ अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा खडबडीतपणा ओळखू शकते, तेव्हा घरी गेल्यावर जीभ सारखी त्या जागी जात असेल, 'काहीतरी टोचतंय' वाटत असेल तर तो वेडेपणा नाही, फोन करून सांगा. पॉलिशला जा एवढंच म्हणणं.

प्रश्न: मुलाला (वय १५) क्रिकेटचा बॉल लागून पुढचा दात अर्धा तुटला. फिलिंग छान गुळगुळीत आहे, रंगही जुळलाय, तरी तो दात खोटा वाटतो. काचेचा तुकडा बसवल्यासारखा. तुम्ही तर सगळीकडे पॉलिश पॉलिश करताय, मग हे काय? (छत्रपती संभाजीनगर)

पकडलंत मला. बरोबर आहे तुमचं, गुळगुळीत आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर मी त्या एकत्रच ओढल्या.

मुलाचा शेजारचा, न तुटलेला दात तिरक्या उजेडात बघा. त्यावर आडव्या बारीक बारीक लाटा दिसतील, वाळूवर ओहोटीनंतर उमटतात तशा. एनॅमल थराथराने तयार होतं त्याच्या त्या खुणा, आमच्या भाषेत पेरिकायमाटा. शिवाय उभ्या दोन उथळ पन्हळी असतात. वय वाढतं तसं ब्रश आणि खाणं याने हे सगळं झिजत जातं, माझ्या वयाच्या माणसाचा दात बराच सपाट असतो. म्हणजे पन्नाशीच्या काकांना जे सपाट लखलखीत फिलिंग शोभलं असतं ते पंधरा वर्षांच्या पोराला परकं दिसतं. त्याच्या खऱ्या दातावर चमक तुकड्यातुकड्यात फुटते, आणि फिलिंगवर ती एकसंध पट्ट्यासारखी पडते. डोळा ही तफावत रंगाच्या आधी टिपतो, फक्त तोंडाने आपण म्हणतो की रंग जरा वेगळा वाटतो.

डॉक्टर बारीक बरने त्या लाटा आणि पन्हळी फिलिंगवर कोरू शकतात आणि मग वरून हलक्या हाताने, पेस्ट आणि मऊ ब्रशने पॉलिश, म्हणजे उंचवटे तसेच राहतील पण प्रत्येक उंचवटा गुळगुळीत असेल. जुन्या मूर्तिकामात वस्त्राच्या चुण्या असतात पण प्रत्येक चुणी घोटलेली असते, तसं. हे काम सगळ्यांना आवडतं असं नाही, वेळ जातो आणि हात लागतो. दाताच्या दोन्ही कडांच्या उभ्या उंचवट्यांच्या जागाही बघायला सांगा, चमकेच्या रेघा तिथे पडतात, त्या एकमेकींपासून लांब गेल्या तर दात रुंद दिसतो, जवळ आल्या तर बारीक. रंगाला हात न लावता. मला अजूनही या कामात सगळ्यात जास्त मजा येते.

प्रश्न: हिरड्यांजवळ दात झिजले म्हणून पाच-सहा ठिकाणी सिमेंट भरलं. ते पांढऱ्या चुन्यासारखं दिसतं, विशेषतः सकाळी. मला ब्लडप्रेशरच्या गोळ्या आहेत, तोंड फार कोरडं पडतं. (वय ७१, रत्नागिरी)

आजोबा, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुम्ही ज्याला सिमेंट म्हणताय ते बहुतेक ग्लास आयोनोमर, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी आणलेलं. गुणी मटेरियल आहे, दाताला रासायनिक रीतीने चिकटतं, फ्लोराइड सोडतं, मुळाजवळच्या झिजेला मी अजूनही वापरते. पण दिसण्यात कॉम्पोझिटच्या मागे. कण मोठे, मूळचंच जरा अपारदर्शक, त्यामुळे पॉलिश एका मर्यादेपुढे चढत नाही. आणि त्याच्या अंगातच पाणी असतं, कोरडं पडलं की पांढरं, खडूसारखं होतं, बारीक भेगाही पडतात, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा. रात्रभर तोंड उघडं ठेवून झोपलं की सकाळी म्हणून जास्त दिसतं.

तेव्हा घोट घोट पाणी दिवसभर, आणि गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडतंय का हे फिजिशियनना सांगा, स्वतःहून गोळी बंद करू नका. डेंटिस्टकडे जाऊन त्यावर रेझिनचं पातळ कोटिंग मारून घेता येतं, चमकही येते आणि ओलावाही टिकतो. पुढच्या दोन-तीन दातांनाच दिसण्याची अडचण असेल तर तेवढ्यापुरतं वरून कॉम्पोझिटचा थर लावतात. अजून एक, क्लिनिकमध्ये फ्लोराइड जेल लावणार असतील तर न्यूट्रल आहे का विचारा. आंबट जेलने दाताचं बिघडत नाही पण ग्लास आयोनोमरचा आणि सिरॅमिकच्या कॅपचा वरचा थर खरवडला जातो, म्हणजे परत तेच रडगाणं.

आता भराभर.

प्रश्न: दाढेतली चांदी काळी पडलीय, पॉलिश करून पांढरी होईल का? (जळगाव)

पितळी समई चिंचेने घासली की जशी उजळते तशी ती उजळेल, स्टीलसारखी चमकेल, दातासारखी पांढरी नाही होणार. काळेपणा बराचसा वरच्या सल्फाइडच्या थराचा असतो, तो निघतो. दातच निळसर-काळा दिसत असेल तर ती आतली सावली, तिला पॉलिशचा उपयोग नाही. दुखत नसेल, कडा शाबूत असतील तर नुसत्या रंगासाठी काढायची घाई करू नका.

प्रश्न: पबमध्ये जांभळ्या लाइटखाली माझा एक दात काळा दिसतो, मित्र हसतात. खडबडीत झालाय का? (पुणे)

नाही, हे वेगळं प्रकरण. खरा दात अतिनील उजेडात निळसर-पांढरा चमकतो, काही मटेरियलमध्ये तो गुण नसतो, म्हणून ती जागा अंधारी दिसते. पॉलिशने बदलत नाही. उन्हात ठीक दिसतो ना? मग मित्र बदला.

प्रश्न: आईला मिश्रीची सवय आहे. पुढचं फिलिंग दोनदा बदललं, तीन महिन्यांत परत काळं. चांगल्या कंपनीचं कोणतं टाकावं? (कोल्हापूर जिल्हा)

कोणतंही टाका, तीन महिनेच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, ती रोज बोटाने रगडली जाते, म्हणजे खरवडणंही तीच करते आणि काळा रंगही तीच भरते. फिलिंगचा विषय बाजूला ठेवा, आईंच्या गालाच्या आतली बाजू आणि हिरड्या आधी तपासून घ्या, पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काहीही दिसलं तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. मशेरी सोडवायला वेळ लागतो, ओरडून सुटत नाही, घरातल्या बायकांनी मिळून सोडली तर सुटते असं मी बघितलंय.

प्रश्न: कोळशाची काळी टूथपेस्ट वापरली तर फिलिंग उजळेल ना? आणि ब्लीचिंग? (नागपूर)

काळी पेस्ट, दंतमंजन, राख, मीठ हे सगळं थोडं उजळल्यासारखं करतं कारण वरचं खरवडतं, आणि खरवडलेल्या फिलिंगवर पुढचा डाग आणखी लवकर बसतो, त्या तारेच्या घासणीसारखं. मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट बास. ब्लीचिंगने दात पांढरा होतो पण फिलिंगचा रंग जवळजवळ तसाच राहतो, म्हणून आधी ब्लीच, मग निदान दोन आठवडे थांबायचं कारण लगेच नवीन फिलिंग नीट चिकटत नाही, आणि मग नवीन रंगाला जुळवून फिलिंग. उलट क्रमाने केलंत तर दोनदा खर्च. तपकिरी डाग पाडणारं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश सहा महिने चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, ते थोड्या दिवसांसाठीच असतं.

प्रश्न: मॅडम, युट्यूबवर बघून नखं चमकवायच्या बफरने फिलिंग घासलं. आधी चमकलं, आता जास्तच पिवळं दिसतंय आणि थंड लागतंय. घरच्या घरी नीट पॉलिश करायचं काही किट मिळतं का? (नाव गाव देऊ नका)

नाव गाव दिलेलं नाही. बफरने फिलिंगच्या कडेचा दातही घासला गेलाय, थंड लागतंय ते बहुतेक त्यामुळे, आणि फिलिंगवर पडलेल्या चऱ्यांत आता चहा बसतोय. फिलिंग कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो हे मलासुद्धा भिंग लावून, दात सुकवून शोधावं लागतं, तुम्हाला बाथरूमच्या आरशात कसं दिसणार. किट ऑनलाइन मिळतं, घेऊ नका. थंड लागणं थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दोन वेळा लावा, दाबून घासू नका, आंबट सरबतं आणि कोल्ड्रिंक लांब ठेवा, आणि या आठवड्यात डेंटिस्टकडे जाऊन बफरचं खरं खरं सांगा. आम्ही हसत नाही. म्हणजे पेशंट गेल्यावर जरा हसतो.